एक हजार नंबरचा दगड

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या दाराची पायरी मधोमध खोलगट झाली होती. आजी वर्षानुवर्षं त्या काळ्या दगडावर पाणी शिंपडून विळीचं पातं घासायची, त्याची ती खूण. आज स्टेनलेस स्टीलची सुरी त्याच पायरीवर अर्धा तास घासली, तरी नुसती चकाकते. धार येत नाही.

याचं कारण दगडाच्या पोटात आहे. पांडवलेणी ज्या कातळात कोरली, तोच हा बेसॉल्ट. त्यातल्या खनिजांचा कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर साधारण सहा भरतो आणि पाणी दिलेलं पोलादही त्याच्याच आसपास असतं. विळीचं लोखंड मऊ, म्हणून तिथे पायरीने काम भागलं. कठीण पोलादाला त्याहून कठीण कण लागतो. आपला कुरुंद हे खनिज याच मापावर नऊ भरतं. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. आज धारेच्या दगडात बहुधा कारखान्यात बनवलेला कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, नाहीतर सिलिकॉन कार्बाइड. हे दुसरं एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली अमेरिकेत विजेच्या भट्टीत तयार केलं.

आता नंबर. दगडावरचा ४०० किंवा १००० हा आकडा मुळात चाळणीतून आला: एक इंच लांबीत जाळीची किती घरं बसतात, ते मोजायचं. घरं जास्त, तर चाळून आलेला कण बारीक. रव्याची चाळण आणि मैद्याची चाळण, तसंच. पण अडीचशेच्या पुढे जाळी इतकी बारीक विणणं अवघड होत जातं. तिथून पुढे भुकटी पाण्यात सोडतात आणि कण किती वेळात तळाशी बसतात, त्यावरून आकार ठरवतात. आषाढात गोदावरीचं गढूळ पाणी तांब्यात धरून ठेवा. वाळू लगेच खाली बसते, गाळ मात्र तासन्‌तास तरंगत राहतो.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जपानी मापात ४०० नंबरचा कण सुमारे ३० मायक्रॉनचा, १००० चा साडेअकरा, ३००० चा चार आणि ६००० चा दोन मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इथे एक घोटाळा हमखास होतो. पॉलिश पेपरवर छापलेला पी १००० वेगळ्या, युरोपीय मापाचा असतो; त्याचा कण १८ मायक्रॉनच्या घरात जातो. आकडा सारखा दिसला, तरी चरा सारखा उमटत नाही.

आणि दगड करतो ते एवढंच: चरे पाडतो. दोन्ही बाजूंचे चरे धारेवर येऊन मिळतात, तिथे डोळ्यांना न दिसणारे दाते तयार होतात. पिंपळगावच्या बाजारातला पिकलेला टोमॅटो चिरायचा, तर त्याच्या गुळगुळीत सालीला पकडायला हेच दाते उपयोगी पडतात. १००० नंबरवर ते नेमके उरतात. ६००० वर धार आरशासारखी होते, पण सुरी ओढून कापताना सालीवर घसरू शकते. शिवाय आपल्या घरातल्या साध्या सुऱ्या रॉकवेल या पोलादाच्या कठीणपणाच्या मापावर पंचावन्नच्या आसपास असतात. इतकं मऊ पोलाद अति बारीक धार फार दिवस पेलत नाही, कड दुमडते. साठीच्या पुढच्या जपानी सुऱ्या ती टिकवतात. म्हणून नाशिकच्या स्वयंपाकघरासाठी मी एकच दगड सांगेन: १००० नंबरचा. पात्याला खांडे पडले असतील किंवा धार पार गेली असेल, तर आधी ४००. हौस असेल तर शेवटी ३०००.

पण ४०० वरून थेट ६००० वर उडी मारू नका. बारीक कण आधीच्या चऱ्यांची टोकं तेवढी घासतो, खळगे तसेच राहतात; हात भरून येतात, पण काम संपत नाही. पुढचा नंबर आधीच्या दुप्पट-तिप्पट असावा.

बारीक दगडावर कधी जायचं, हे मिनिटं मोजून ठरत नाही. एका बाजूने पंधरा-वीस अंशांत पातं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची पातळ कड वळून येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिला ‘बर’ म्हणतात. अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेने, आडवा फिरवा; खरखर लागेल. टाचेपासून टोकापर्यंत बर लागली, म्हणजे दगड थेट धारेला पोहोचला. मग बाजू बदलायची आणि शेवटी हलक्या हाताने आलटूनपालटून घासून ती उतरवायची. ती राहिली, तर सुरी पहिल्या दिवशी झकास चालते आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटते.

धार बिघडण्याचं एक कारण दगडातही असतं. वापराने तो मधून खोल होतो आणि पात्याचा कोन घासता घासता बदलत राहतो. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा, शहाबादी फरशीवर खरखरीत पॉलिश पेपर पसरा आणि दगड पाण्यासह त्यावर घासा. रेघा आधी कडांवरच्या जातील. मधल्या गेल्या, की दगड सपाट झाला.