नायट्रॉक्सच्या कार्डासाठी पाण्यात उतरायलाच हवं का? वादामागची गोष्ट

नायट्रॉक्सचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगसाठीच्या जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा, कोर्स करायचा म्हटलं की आजकाल बऱ्याच ठिकाणी पहिला प्रश्न येतो, डाइव्हसकट करणार की नुसता थिअरीवाला, आणि मग जुने डायव्हर लगेच सुरू होतात की पाण्यात न उतरता डायव्हिंगचं कार्ड (कोर्स झाल्याचं सर्टिफिकेट) कसलं वाटता, तर नवे म्हणतात पाण्यात उतरून वेगळं असं करायचंय काय. दोन्हीकडचे वर्षानुवर्षं तेच ते बोलतायत. पण या डाइव्ह कोर्समध्ये मुळात आल्या कुठून आणि नंतर गेल्या कशा, हे कुणी फारसं सांगत नाही.

आधी गॅसचं थोडक्यात. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये तो वाढवून बहुतेक वेळा ३२ किंवा ३६ केलेला असतो, म्हणजे नायट्रोजन कमी, आणि खाली किती थांबायचं ते शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनवरच ठरतं, म्हणून वेळ जास्त. ३२ टक्क्यांवर ३० मीटरला गेलात तरी नायट्रोजनच्या हिशोबाने तुम्ही साडेचोवीस मीटरवरच असता. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साध्या हवेच्या टेबलमध्ये (कुठल्या खोलीवर किती वेळ थांबता येतं त्याचा तक्ता) ३० मीटरला २० मिनिटं मिळतात आणि २५ मीटरला २९, त्यावरून फायदा किती ते कळतं. तोटा एकच, पण जबरी: दाब वाढला की हाच ऑक्सिजन विषारी होतो, फिट येते, तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो.

हे ज्ञान तसं जुनंच. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाबाखालच्या ऑक्सिजनने झटके येतात हे लिहून ठेवलं होतं. पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्या झाल्या दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश नेव्हीच्या केनेथ डोनाल्ड या डॉक्टरने घेतल्या, शुद्ध ऑक्सिजनवर. त्यातली एक नोंद तर वाचून थक्क व्हायला होतं. एकाच डायव्हरला ९० दिवसांत २० वेळा ७० फुटांवर नेलं, आणि त्रास सुरू व्हायला लागलेला वेळ कधी ७ मिनिटं तर कधी १४८. माणूस तोच, खोली तीच, गॅसही तोच. म्हणजे एक डाइव्ह सुखरूप झाली यावरून त्या माणसाला ऑक्सिजन किती झेपतो हे अजिबात कळत नाही.

पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या नोआ या सरकारी समुद्रसंस्थेत मॉर्गन वेल्स यांनी शास्त्रज्ञ डायव्हरसाठी नायट्रॉक्सची पद्धत बसवली आणि १९७९ च्या नोआच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये ती छापून आली. ३२ आणि ३६ हे दोन आकडे तिथूनच रुळले. मग नोआमधूनच रिटायर झालेल्या डिक रुटकोव्स्की यांनी १९८५ मध्ये आयएएनडी नावाची संस्था काढली आणि हा गॅस हौशी डायव्हरना शिकवायला घेतला, आणि तिथे खरी बोंबाबोंब सुरू झाली. लोक याला सैतानाचा गॅस म्हणायला लागले. कुणाला वाटायचं नायट्रॉक्स खूप खोल जायला असतो (आजही वाटतं, खरं उलटं आहे), कुणाला शुद्ध ऑक्सिजन भरताना दुकान पेटेल ही भीती, आणि ही दुसरी भीती मात्र अगदीच फुकाची नव्हती.

१९९१ मध्ये डेमा या धंद्यातल्या मोठ्या संघटनेने ह्यूस्टनच्या प्रदर्शनात नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना स्टॉलच द्यायचा नाही असं ठरवलं, त्यावर इतका गदारोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. १९९२ मध्ये इकडे नावी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेने मान्यता दिली आणि त्याच वर्षी तिकडे ब्रिटनच्या बीएसएसी या डायव्हिंग क्लबने आपल्या सभासदांना बंदी घातली. १९९४ ला बीएसएसीने बंदी मागे घेतली आणि १९९६ ला पॅडी उतरली, मग विषयच संपला, कारण पॅडी शिकवते म्हणजे गल्लोगल्लीच्या डाइव्ह शॉपमध्ये मिळणार.

आता पॅडीने आणलेल्या या कोर्समध्ये सुरुवातीला दोन डाइव्ह सक्तीच्या होत्या. माझं मत विचाराल तर त्या गॅसपेक्षा त्या वातावरणासाठी होत्या. पाचच वर्षांपूर्वी ज्याला दारातून हाकललं तो गॅस विकायचा तर सगळं कडक दिसायला हवं होतं. शिवाय तेव्हा टेबलं घेऊन बसावं लागायचं, प्रत्येक मिश्रणाचा हिशोब वेगळा, आणि तो प्लॅन पाण्यात पाळून दाखवण्यात थोडा तरी अर्थ होता. मग नायट्रॉक्सवाले डाइव्ह कॉम्प्युटर सगळ्यांच्या मनगटावर आले, टेबलं मागे पडली, आणि नंतर पॅडीने त्या डाइव्ह ऐच्छिक केल्या. एसएसआय या दुसऱ्या संस्थेतही पाण्यात न उतरता कार्ड मिळतं. जुने लोक म्हणतात धंद्यासाठी केलं, आणि धंदा त्यात आहेच, पण तेवढंच कारण नाहीये.

कारण पाण्यात खरंच काही वेगळं नसतं. नायट्रॉक्सला वास नाही, चव नाही, श्वास तसाच, तरंगणंही तसंच. जे काही वेगळं आहे ते सगळं बोटीवर, उडी मारायच्या आधी. ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजायचं यंत्र) साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, टाकीचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून सेन्सर समोर धरायचा, आकडा नाचायचा थांबेपर्यंत धीर धरायचा, मग ३१.८ आला तर तो टाकीवरच्या टेपवर लिहायचा, शेजारी जास्तीत जास्त खोली, तारीख, स्वतःचं नाव, रजिस्टरमध्ये सही, आणि शेवटी कॉम्प्युटरवर तेच मिश्रण सेट करायचं. इथे आळस केला तर खाली कितीही सराईत असा, उपयोग शून्य. ही तपासणी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, इन्स्ट्रक्टरसमोर करावी यात मात्र तडजोड नको, आणि पॅडीच्या कोर्समध्ये थिअरी घरबसल्या केली तरी हा भाग प्रत्यक्षच करावा लागतो.

तरी जुन्यांचा एक मुद्दा मला पटतो. साध्या हवेवर हौशी डायव्हरची ४० मीटरची मर्यादा पाळली तर ऑक्सिजनचा प्रश्न येतच नाही, ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची रेषा, म्हणजे ज्याच्या वर जायचं नाही ती मर्यादा, ५६ मीटरच्याही खाली आहे. ३२ वर तीच रेषा ३३ मीटरवर येते, ३६ वर २९ च्या आत, ४० टक्क्यांवर तर २५ मीटरला. म्हणजे खोली सांभाळणं अचानक महत्त्वाचं होतं, आणि आज हा कोर्स बाराव्या वर्षापासून, ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्याच कोर्सच्या जोडीने करता येतो, जेव्हा माणूस अजून धड एका पातळीवर तरंगायलाही शिकलेला नसतो. एकीकडे दार सगळ्यांना उघडलं आणि दुसरीकडे पाण्यातलं बघणं काढून टाकलं, हे दोन्ही एकत्र होणं मला खटकतं. पण त्यावर दोन नायट्रॉक्स डाइव्ह हा उपाय नाही, ती कमतरता पहिल्या कोर्सची आहे. बीएसएसीने नायट्रॉक्स सरळ पहिल्याच ओशन डायव्हर कोर्समध्ये घातला, जीयूई या संस्थेने आपल्या फंडामेंटल्स कोर्समध्ये, जिथे तरंगण्यावरच सगळा घाम काढतात. तिथे वेगळ्या डाइव्हचा वादच उरत नाही.

आपल्याकडे तारकर्ली-मालवणला पाणी इतकं उथळ की नायट्रॉक्सचं कामच पडत नाही. पुण्यामुंबईची मंडळी हे कार्ड घेतात ती अंदमानात हॅवलॉकला, नाहीतर मालदीवच्या बोटीवर चढायच्या आदल्या आठवड्यात. मालदीवमध्ये कायद्यानेच मर्यादा ३० मीटर, तिथे ३२ टक्क्यांवर ऑक्सिजनचा दाब भरतो १.२८ बार, म्हणजे थोडी मोकळीक आहे. पण त्याच रांगेतली टाकी ३६ ची निघाली तर त्याच ३० मीटरला तो १.४४ होतो, आणि हे कळायचा मार्ग एकच, डेकवरचा तो ॲनालायझर.