विंचेस्टरबाईंचं घर रात्री का करकरतं?

गेले काही दिवस एक व्हिडिओ फॉरवर्ड होत फिरतोय. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातली विंचेस्टर हवेली, म्हणे जगातलं सर्वांत झपाटलेलं घर! रायफली बनवणाऱ्या घराण्यातली एक विधवा, त्या रायफलींनी मेलेल्यांची भुतं, भुतांना चकवण्यासाठी मुद्दाम बांधलेले छताला थडकणारे जिने आणि ३८ वर्षं रात्रंदिवस अखंड चाललेलं सुतारकाम. शेवटी कॅमेरा एका अंधाऱ्या बोळात नेतात आणि भिंतीतून आलेला ‘कट्’ असा आवाज ऐकवतात. मला लिहायचंय ते त्या आवाजाबद्दल. पण आधी बाकीच्या गोष्टीचा निकाल लावून टाकू.

सारा विंचेस्टर ही बाई खरी आणि तिचं दुःखही खरं. पोटची मुलगी १८६६ साली काही आठवड्यांची होऊन गेली, नवरा विल्यम १८८१ साली क्षयानं गेला. अफाट वारसा मिळाला. १८८६ साली तिनं सँटा क्लारा खोऱ्यात आठ खोल्यांचं एक शेतघर घेतलं आणि ते वाढवत नेलं. आज तिथे सुमारे १६० खोल्या आहेत. १९२२ साली ती वारली, म्हणजे साधी वजाबाकी केली तरी ३८ वर्षं भरत नाहीत. ‘अखंड’ हेही खोटंच. आपण कामगारांना महिनोन्महिने सुट्टी देत होतो असं तिच्याच पत्रांत आहे, आणि इतिहासकार मेरी जो इग्नोफो यांनी ते दाखवून दिलंय. बोस्टनच्या कुणा मांत्रिकानं तिला ‘बांधकाम थांबलं की तू मेलीस’ असं सांगितल्याला कसलाच पुरावा नाही. तिच्या मृत्यूनंतर घर भाड्यानं घेतलं ते करमणुकीच्या बागा चालवणाऱ्या एका गृहस्थानं, आणि १९२३ साली तिकीट लावून ते लोकांना खुलं केलं. तिकीट खपवायचं तर भूत हवंच. नवऱ्याच्या नावानं क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभारायला बाईनं लाखो डॉलर दिले, ते मात्र कुठल्या व्हिडिओत येत नाही.

त्या जिन्यांचंही तसंच. एका जिन्याला ४४ पायऱ्या आहेत, पण सगळा चढ जेमतेम नऊ फुटांचा. पायरी दोन-अडीच इंचांची. बाईला संधिवात होता, गुडघे उचलवत नव्हते, इतकाच त्याचा अर्थ. आणि छताला थडकणारे जिने, भिंतीबाहेर थेट हवेत उघडणारं दार? त्याचं उत्तर आहे १८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप, तीव्रता ७.९. या घराला तेव्हा सातमजली मनोरा होता, त्याचे वरचे तीन मजले कोसळले. बाईनं मलबा उचलून घेतला, मोडका भाग बंद केला आणि पुन्हा बांधायच्या फंदात पडलीच नाही. वरचा मजला गेला की खालच्या जिन्यानं जायचं कुठे?

आता तो ‘कट्’. घर मुख्यतः रेडवुडच्या लाकडाचं आहे. लाकूड तापलं की किंचित फुगतं, पण त्याहून कितीतरी जास्त ते दमटपणानं फुगतं आणि कोरडं पडलं की आक्रसतं. तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही. लाकडातल्या रेषांच्या दिशेनं जवळजवळ काहीच नाही, रेषांना आडवं मात्र बरंच. रेडवुडमधला ओलावा एका टक्क्यानं बदलला तर आडव्या दिशेला साधारण ०.१५ टक्के फरक पडतो. २५ सेंटिमीटर उंचीच्या तुळईसाठी हा फरक झाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त. तिच्यात ठोकलेला लोखंडी खिळा मात्र ओलाव्याला दाद देत नाही. सूर्य मावळला की छप्पर आणि बाहेरच्या फळ्या आधी निवतात, आतलं लाकूड मागाहून. सांध्यासांध्यात ओढाताण सुरू होते.

गंमत इथे आहे. सांधा लगेच सरकत नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं, आणि लाकूड स्प्रिंगसारखं ताणलं जात ऊर्जा साठवत राहतं. स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं हे शाळेत झालंय. ताण स्थिर घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेला की सांधा निसटतो, आणि निसटताक्षणी घर्षण कमी होतं, त्यामुळे तो आणखी जोरात निसटतो. साठलेली ऊर्जा काही मिलिसेकंदांत मोकळी होते, पोकळ भिंत तिचा आवाज मोठा करते: कट्! मग पुन्हा अडकणं, पुन्हा ताण. ‘अडक-निसट’ म्हणू या याला. जड कपाट फरशीवरून ओढताना ते धक्क्याधक्क्यानं पुढे येतं, तसंच हे.

पण प्रत्येक सरकणारी वस्तू अशी धक्के देत नाही, आणि मला हे सगळ्यात आवडतं. दोन पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांना चिकटून स्थिर राहतात तितकी त्यांच्यातली पकड हळूहळू वाढते, साधारणपणे वेळेच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात, म्हणजे आधी भरभर आणि मग अधिकाधिक सावकाश. काही पदार्थांत वेग वाढला की घर्षण घटतं, काहींत वाढतं. घटत असेल आणि पृष्ठभागाला जोडलेली ‘स्प्रिंग’ एका ठरावीक कडकपणापेक्षा मऊ असेल, तरच अडक-निसट होते. स्प्रिंग कडक असेल किंवा वेगाबरोबर घर्षण वाढत असेल, तर पृष्ठभाग गुपचूप, संथ सरकत राहतात.

आणि आता १९०६ कडे परत चला. भूकंपानंतर भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी मोजमापांचा अभ्यास करून १९१० साली मांडलं की सॅन अँड्रियास भ्रंशाच्या, म्हणजे जमिनीतल्या त्या लांबलचक भेगेच्या, दोन बाजू वर्षानुवर्षं घर्षणानं अडकून राहिल्या होत्या, आजूबाजूचा खडक वाकत होता आणि त्या पहाटे तो उसळून सरळ झाला. काही ठिकाणी जमीन सुमारे ६ मीटर सरकली, भ्रंश सुमारे ४७५ किलोमीटर लांबीवर फाटला. पुढे १९६६ साली ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली ग्रॅनाइट दाबला, तेव्हा तोही धक्क्याधक्क्यानं निसटला. भूकंप म्हणजे हीच अडक-निसट, हे त्यांनीच सुचवलं. म्हणजे ज्या प्रक्रियेनं मनोरा पाडला आणि भुताचे जिने निर्माण केले, तीच प्रक्रिया त्याच घराच्या खिळ्याखिळ्यात रोज संध्याकाळी चालू असते. एकीकडे शतकांचा ताण, दुसरीकडे दुपारपासूनचा.

पुण्या-साताऱ्याकडच्या कडीपाटाच्या वाड्यांत राहिलेल्यांना हा आवाज ओळखीचा असेल. तिथे तो मुंज्याच्या खात्यावर जमा होतो. मुंज्यानं फक्त उन्हाळ्यात, दिवेलागणीनंतर आणि पश्चिमेकडच्या भिंतीतच का करकरावं, हे विचारायची सोय नसते.

संथ सरकण्याचा नमुनाही सॅन होजेपासून फार लांब नाही. दक्षिणेला होलिस्टर गावाखालून कॅलाव्हेरास नावाचा भ्रंश जातो. तो गावात न गरजता वर्षाला काही मिलिमीटर सरकतो. फुटपाथच्या कडा तुटून एकमेकींच्या रेषेत राहिलेल्या नाहीत, बागेच्या भिंती वाकल्यात, भ्रंशावर बसलेली घरं तिरकी झालीत. सॅन अँड्रियासच्याही मधल्या पट्ट्यात असंच सरकणं चालतं. तिथे पार्कफील्ड गावाजवळ खोल वेध घेऊन काढलेल्या नमुन्यांत सॅपोनाइट ही निसरडी चिकणमाती सापडली. तिची पकड मुळातच कमी, आणि वेग वाढला की घर्षण वाढतं. होलिस्टरला भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी त्या वाकड्या भिंतींचे फोटो काढायला जातात. त्यासाठी तिकीट लागत नाही.