हरीण पाळणं आणि हरीण राखणं

सॅन अँटोनियो सोडून टेक्सासच्या हिल कंट्रीत शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुंपणं लागतात. बहुतेक कमरेच्या वर थोडी, तारेची, गुरांसाठी घातलेली. पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिकडच्या भाषेत व्हाइटटेल, ती कुंपणं उभ्या उभ्या ओलांडतं. मग मध्येच कुंपण एकदम आठ फुटांचं होतं, जाळीदार, आणि मैलभर गेलं तरी संपत नाही. गाडीतला पाहुणा म्हणतो, "हा बघा हरणांचा फार्म." बहुतेक वेळा तो फार्म नसतोच. जाळीमागे हजारो एकर झुडपी रान असतं आणि त्यातली हरणं माणसाची चाहूल लागताच शेपटी उभारून पळणारी असतात.

कुंपणावरून ओळखायला गेलं की असं फसायला होतं. मराठीत या दोन कामांना दोन क्रियापदं आयती आहेत. जनावर पाळतात, कुरण राखतात. पाळलेल्या म्हशीला रोज दावणीला वैरण लागते. राखलेल्या कुरणात मात्र दिवाळीपर्यंत कुणाचं ढोर घुसू द्यायचं नाही, एवढंच काम. गवत आपलं आपण वाढतं. टेक्सासात व्हाइटटेलच्या बाबतीत हे दोन्ही उद्योग शेजारी शेजारी चालतात, कधी एकाच मालकाच्या जमिनीवरही.

पाळणाऱ्याला तिथे ब्रीडर म्हणतात. त्याचं बोलणं ऐकलं तर आपला दूधवाला शेतकरी बोलतोय असं वाटावं. वाडगी (म्हणजे हरणं कोंडायची जाळीची आवारं), खुराक, कानातला बिल्ला, माज, वेत, वळू. प्रत्येक हरणाला नंबर आणि नंबरामागे आई-बापाची नोंद. नामांकित नराचं गोठवलेलं रेत विकत आणायचं, माद्या औषधाने एकाच वेळी माजावर आणायच्या आणि कृत्रिम रेतन करून घ्यायचं. साधारण दोनशे दिवसांनी मादी विते, पुष्कळदा जुळं. काही पाडसं मुद्दाम बाटलीवर वाढवतात, म्हणजे मोठेपणी माणसाला बुजत नाहीत. तेही गरजेचं, कारण व्हाइटटेल अतिशय बिथरणारा प्राणी. घाबरला की सरळ जाळीवर जाऊन आपटतो आणि मान मोडून घेतो.

शरद ऋतूत नरांच्या माना फुगतात, झुंजी सुरू होतात. तेव्हा ब्रीडर त्यांना भूल देऊन शिंगं बुडापासून थोडी वर करवतीने कापून टाकतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण शिंगावरची मखमली कातडी गळून गेलेली असते आणि आतलं हाड मेलेलं असतं, नख कापल्यासारखं. हिवाळ्यात ती शिंगं तशीही गळणारच, उन्हाळ्यात नवी फुटणार. (आपण हरीण म्हटलं की चितळ आणि काळवीट एका दावणीला बांधतो. चितळाची शिंगं अशी गळून नवी येतात, काळविटाची आयुष्यभराची. पण तो वेगळा गोंधळ.)

हा सगळा खटाटोप मांसासाठी नाही. टेक्सासात व्हाइटटेलचं मांस विकायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेतल्या हॉटेलांत मिळणारं हरणाचं मांस बरंचसं न्यूझीलंडच्या फार्मवरच्या लाल हरणांचं असतं. ब्रीडर विकतो ते रेत, माद्या, आणि शिकारीच्या रानात सोडायला मोठ्या शिंगांचे नर. त्याचा माल म्हणजे शिंग, आणि ते इंचांत मोजलं जातं: मुख्य फांदीची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, ठरावीक जागचे घेर, दोन शिंगांमधलं आतलं अंतर, सगळ्यांची बेरीज. रानातला दीडशे इंचांचा नर दिसला तरी शिकारी वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतो. वाडग्यातले काही नर तीनशेच्याही पुढे जातात. खरं सांगायचं तर ती शिंगं मला बघवत नाहीत; डोक्यावर वाळलेलं झुडूप उलटं रोवल्यासारखं दिसतं.

राखणाऱ्याची गोष्ट हरणापासून सुरूच होत नाही. ती झुडपांपासून होते. व्हाइटटेल गाईसारखं गवतावर जगत नाही. ते शेळीसारखं पाला, कोवळे शेंडे, रानभाजीसारख्या वनस्पती खातं. दक्षिण टेक्सासात ते मेस्कीटच्या शेंगा आवडीने खातं, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या जवळच्या नातलगाच्या. त्यामुळे रान हिरवंगार दिसत असलं तरी हरीण उपाशी असू शकतं. जाणता माणूस रानात शिरला की आधी झाडांच्या खालच्या फांद्या बघतो. हरणाचं तोंड पोचतं त्या उंचीपर्यंत सगळा पाला ओरबाडलेला आणि वर छत्रीसारखी हिरवळ, अशी सरळ रेघ दिसली की हरणं जास्त झाली आहेत हे कळतं. मग मोजणी: रात्री गाडीवरून बॅटरीचा झोत टाकत, नाहीतर हेलिकॉप्टरमधून. नर किती, माद्या किती, माद्यांमागे पाडसं किती.

आणि मग तो माद्या मारतो. आपल्याकडे कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे "हरणांचं व्यवस्थापन" म्हणजे त्यांना जपणं एवढंच आपल्या डोक्यात येतं. तिथे व्यवस्थापनाचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे दरवर्षी ठरावीक संख्येने माद्या कमी करणं. विसावं शतक उजाडताना अख्ख्या अमेरिकेत व्हाइटटेल पाच लाखांच्या आत उरलं होतं. बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली, 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळला, आणि आज आकडा तीन कोटींच्या आसपास आहे. टेक्सासात आणखी एक गोष्ट घडली. जखमेत अंडी घालणारी, जिवंत मांस खाणाऱ्या अळ्यांची एक माशी होती. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाच्या ओल्या नाळेवर ती बसली की पाडस गेलंच. गुरं वाचवण्यासाठी 1960 च्या दशकात ती माशी तिथून हटवली, आणि गुरांबरोबर हरणंही वाचली. लांडगे आधीच संपले होते. आता खाणारी तोंडं आवरायला उरली फक्त बंदूक.

नरांच्या बाबतीत राखणाऱ्याचं धोरण उलटं: थांबा. नराची शिंगं पाच-सहा-सात वर्षांचा होईतो वाढत जातात, आणि शिकारी तर दीड वर्षाच्या पोरालाच टिपतात. म्हणून टेक्सासातल्या पुष्कळ काउंटींत नियम आहे, शिंगांमधलं आतलं अंतर 13 इंच तरी हवं. पट्टी घेऊन हरणामागे कोण धावणार? त्यावर सोपी युक्ती: हरीण कान टवकारून समोर बघतं तेव्हा एका कानाच्या टोकापासून दुसऱ्याचं टोक साधारण तेवढंच असतं. शिंगं कानांच्या बाहेर गेली, तर मोठा. (एखादं शिंग फांदीच न फुटलेलं, सरळसोट असेल तर तोही चालतो.)

दोघं एकसारखे दिसतात ते खाद्याच्या बाबतीत. दोघांकडे गोळी पेंड असते, मका असतो, आणि विदर्भ-खानदेशातल्या माणसाला गंमत वाटेल, सरकीही असते. आख्खी सरकी जाळीच्या गोल पिंजऱ्यात भरून रानात ठेवतात. हरणं बाहेरून एकेक दाणा ओढून खातात आणि रानडुकरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. मक्यावर मात्र तीच आधी पडतात. पण वाडग्यात हा खुराक म्हणजे सगळं जेवण, रानात तो जोड. पाला संपला असताना नुसत्या सरकीवर कळप पोसायला निघालेला माणूस रान राखत नसतो, हे मी ठामपणे म्हणेन. तो कुंपण मोठं घातलेला ब्रीडरच.

खरी फारकत रक्ताच्या बाबतीत होते. वाडग्यात बाप कोण हे माणूस ठरवतो, म्हणून चार-पाच पिढ्यांत शिंगं अवाढव्य होतात. हे बघून रानमालकांनाही वाटलं, वाईट शिंगांचे नर मारत गेलो तर आपलाही कळप सुधारेल. दक्षिण टेक्सासात सीझर क्लेबर्ग संस्थेच्या संशोधकांनी कित्येक वर्षं हजारो हरणं जाळ्यात पकडून, मोजून हे तपासलं. कडक छाटणी करूनही पुढच्या पिढ्यांची शिंगं सुधारली नाहीत. रानात एकच दांडगा नर सगळ्यांचा बाप होत नाही. मधल्या वयाचे, किरकोळ शिंगांचेही होतात, आणि जुळ्यातल्या दोन पाडसांचे बाप वेगळे निघणंही काही दुर्मीळ नाही. शिवाय निम्मं रक्त मादीचं, आणि तिला शिंगच नाही. कशावरून निवडणार?

कायदा मात्र दोघांना एकाच तागडीत तोलतो. जमीन मालकाची, हरीण टेक्सासच्या जनतेचं. वाडग्यात जन्मलेलं, बाटलीवर वाढलेलं, बिल्ला लावलेलं हरीणसुद्धा ब्रीडरच्या मालकीचं नाही, परवान्यावर सांभाळायला दिलेलं, असा निकाल ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने 2019 मध्ये दिला. आता विनोद बघा. त्याच हिल कंट्रीत 1930 च्या दशकापासून भारतातून गेलेली काळविटं आणि चितळं आहेत. ती परदेशी, म्हणून तिथे गुरांसारखी खाजगी मालमत्ता; त्यांना शिकारीचा हंगामसुद्धा नाही. काळवीट विकत घेऊन स्वतःचं म्हणता येतं, अंगणात आलेलं गावठी हरीण नाही. पेनसिल्व्हेनियात आणखी वेगळं, तिथे बंदिस्त हरणांचा कारभार शेतीखात्याकडे आहे.

हा फरक कागदावरच राहिला असता, पण एक रोग आला. हरीण झिजत जातं, लाळ गळते, मान खाली पडते, मरतं. विषाणू नाही, जिवाणू नाही. मेंदूतलं एक प्रथिन वेडंवाकडं घडी पडून पसरतं. लस नाही, औषध नाही, आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधन केंद्रातल्या बंदिस्त हरणांत ते पहिल्यांदा लक्षात आलं. टेक्सासात 2012 मध्ये न्यू मेक्सिकोच्या सीमेवर दुसऱ्या जातीच्या रानहरणांत सापडलं, आणि 2015 मध्ये मेडिना काउंटीतल्या एका वाडग्यातल्या व्हाइटटेलमध्ये. तेव्हापासून राखणारे पाळणाऱ्यांकडे बोट दाखवतात: तुमची हरणं ट्रेलरमधून तीनशे मैल जातात, रोगही जातो. पाळणारे म्हणतात: रानातला रोग आमच्या माथी मारता, तपासण्या तर आमच्याच होतात. दोघांत तथ्य आहे. पण माझं माप राखणाऱ्यांकडे झुकतं, कारण हरीण स्वतःच्या पायांनी तीनशे मैल जात नाही.

वाडग्यातून रानात सोडलेला नर या दोन्हींच्या मधला. फाटक उघडलं की काही मिनिटांत तो झुडपांत दिसेनासा होतो, आणि पुढे त्याला मारणाऱ्याला आपण रानातलं हरीण मारलं असं वाटू शकतं. शिंगांचे विक्रम नोंदणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदवहीत मात्र पळायला वाट नसलेल्या कुंपणातल्या हरणाला जागा नाही. तिथे नेहमीच्या घडणीच्या शिंगांत पहिला क्रमांक अजून मायलो हॅन्सनने 1993 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मारलेल्या रानहरणाचा आहे, 213 पूर्णांक 5/8 इंच.

रानात मारलेलं हरीण संध्याकाळी शेडमध्ये टांगतात तेव्हा कुणीतरी जबडा काढून दिव्याखाली धरतं. दाढांच्या रांगेत तिसरी उपदाढ तीन भागांची असेल तर ते दीड वर्षाच्या आतबाहेरचं पोर. दोन भागांची असेल तर तिच्या मागच्या दाढा बघायच्या: पांढऱ्या कडांमधली तपकिरी पट्टी जितकी रुंद, तितकं वय जास्त. त्यावर दोन माणसांचं एकमत होईतो कॉफी निवते. वाडग्यातल्या नराचा जबडा वयासाठी कुणी काढत बसत नाही; त्याची जन्मतारीख फायलीत असते.