माठ, मगर, वड आणि पाण्याचा रेणू

मे महिन्यात बडोद्याचा पारा 42 अंशांवर टेकतो, तरी माठातलं पाणी गारेगार असतं. जून सरता सरता उन्हाचा ताव उतरतो, आणि नेमका तेव्हाच माठ काम करेनासा होतो. हवा दमट झाली, असं आपण म्हणतो. बरोबर आहे, पण हे अर्धंच उत्तर झालं. पाणी उडून गेल्यावर मागे उरलेलं पाणी मुळात गार का होतं?

माठाच्या पोटावर बोट फिरवलं की ओल लागते. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर येतं आणि हवेत उडतं. उडून जाणाऱ्या प्रत्येक रेणूला आधी शेजाऱ्यांच्या पकडीतून सुटावं लागतं, आणि पाण्यात ही पकड फार चिवट असते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू सरळ रेषेत नाही, तर 104.5 अंशांच्या कोनात जोडलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते, आणि एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध. एकेक बंध सेकंदाच्या साधारण लाख-कोटीव्या भागात तुटतो आणि लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. गरब्यात एकाला टाळी देऊन आपण पुढच्याकडे सरकतो आणि तरी फेर मोडत नाही, तसंच हे.

हे बंध नसते तर काय झालं असतं? हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू, घ्या. बांधणी पाण्यासारखीच, रेणू जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशांनाच उकळतो. त्याच्या रेणूंना एकमेकांची अशी ओढ नाही.

आता माठाचा हिशोब करू. एक लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला सुमारे 290 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी न उकळता, 30 अंशांवरच वाफ होऊन जातं तेव्हा सुमारे 2,400 किलोज्यूल सोबत नेतं. ही उष्णता माठातल्या पाण्यातून जाते. आपला घाम अंगातून नेतो तीही अशीच. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की जितके रेणू बाहेर पडतात जवळपास तितकेच परत येऊन बसतात. मग माठही गार होत नाही आणि जीवही घाबरा होतो.

याच बंधांमुळे पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. कोरड्या मातीचं तापमान एक अंशाने वाढवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपट तितक्याच वजनाच्या पाण्याला लागते. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या शेकडो मगरींचा दिनक्रम याच फरकावर बेतलेला आहे. मगरीला आपल्यासारखं आतून शरीर तापवता येत नाही. थंडीच्या सकाळी ती काठावरच्या चिखलात ऊन खाते, आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी काठ भाजत असताना नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर ठेवून पाण्यात राहते.

नदीकाठच्या सयाजीबागेतला वड शेंड्याच्या पानांपर्यंत पाणी चढवतो, ते मला याहून थक्क करतं. साध्या ओढपंपाने पाणी सुमारे 10 मीटरच्या वर चढवता येत नाही, कारण ते काम खरं तर हवेचा दाब करतो आणि त्याची ताकद तिथे संपते. कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष मात्र 100 मीटरच्याही वर पाणी नेतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे कुठलाही पंप नाही. पानांतून पाण्याचे रेणू उडतात, जाताना मागच्यांना ओढतात, ते त्यांच्या मागच्यांना, आणि हा ताण खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून थेट मुळांपर्यंत पोचतो. पाण्याची ही तार तुटत नाही ती हायड्रोजन बंधांमुळे. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी डब्लिनमध्ये 1894 साली हे मांडलं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं.

रेणूच्या धन-ऋण बाजूंमुळे मीठ, साखर आणि कित्येक क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून रक्त आणि झाडातला रस आपलं वाहतुकीचं काम करू शकतात. स्निग्ध रेणूंना मात्र पाणी आपल्यात घेत नाही. ते बाजूला लोटले जाऊन एकमेकांना बिलगतात, आणि पेशीचं पातळ आवरण यातूनच उभं राहतं.

ऑक्सिजन वायूच्या रेणूला अशा बाजू नाहीत, म्हणून तो पाण्यात जेमतेम विरघळतो. एक लिटर हवेत तो सुमारे 270 मिलिग्रॅम असतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम मावतो, आणि 30 अंशांवर साडेसातच. माशांचा संसार एवढ्यावर चालतो. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू यातलाही मोठा वाटा खाऊन टाकतात. मगर फुप्फुसांनी हवेत श्वास घेते, तिला याची झळ सरळ बसत नाही. म्हणून नदीत मगरी दिसतात यावरून पाणी चांगलं आहे असं मानणं मला धोक्याचं वाटतं. पाण्यातल्या वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण रात्रभर सगळेच तो वापरत राहतात, आणि सूर्योदयाच्या थोडं आधी तो सर्वांत कमी झालेला असतो. दुपारी मोजलेला आकडा म्हणूनच फसवा निघू शकतो. उन्हाळ्यात, उजाडायच्या आधी, नदीवर जाऊन मोजलेला आकडा आपल्याला हवा आहे.