घसारा वेगळा, गाडीचा उतरलेला भाव वेगळा

विजेवर चालणाऱ्या महागड्या, वेगवान गाड्यांचा विषय निघाला की "दर वर्षी किंमत 40 टक्के पडते" हे वाक्य हमखास कानावर येते. नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखानदारांचे करविषयक काम मी करतो, आणि या वाक्याने झालेले नुकसान मला वारंवार निस्तरावे लागते. 40 टक्के हा प्राप्तिकराच्या नियमांनी विजेच्या वाहनांसाठी ठरवलेला घसाऱ्याचा, म्हणजे धंद्यातल्या वस्तूची झीज म्हणून दर वर्षी खर्चात धरायच्या रकमेचा, दर आहे. साध्या मोटारीला तो 15 टक्के आहे. गिऱ्हाईक तुमच्या गाडीला किती पैसे देईल, याच्याशी त्या दराचा काहीही संबंध नाही.

बाजारभाव कसा उतरतो हे गाडी बाळगणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यातच सांगतो. नवे मॉडेल मोठी बॅटरी घेऊन आले की जुने मागे पडते. पोर्शे टायकानची मोठी बॅटरी 2024 मध्ये 93.4 वरून 105 किलोवॅट-तासांवर गेली, तेव्हा आधीच्या गाड्यांच्या मालकांनी हे अनुभवले. विकत घेणारा बॅटरीची तब्येत आणि हमीची उरलेली वर्षे आधी विचारतो, चामड्याच्या आसनांबद्दल नंतर. विम्यातील घोषित मूल्य, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल ती रक्कम, हा तिसराच आकडा आहे. तो वयानुसार ठरलेल्या तक्त्यातून येतो आणि विक्रीचा भाव ठरवताना तो पुढे करणे मला मुळीच मान्य नाही.

खरी गफलत होते ती गाडी फर्मच्या नावावर असते तेव्हा. गेल्या वर्षी माझे एक अशील ताळेबंदाची प्रत घेऊन आले. तीत 43,20,000 या आकड्याभोवती लाल पेनने गोल केलेला होता. गाडी 2 कोटींना घेतलेली. दर वर्षी 40 टक्के घसारा वजा जाऊन पहिल्या वर्षाअखेर हिशेबाच्या पुस्तकात 1 कोटी 20 लाख उरले, दुसऱ्या वर्षाअखेर 72 लाख आणि तिसऱ्या वर्षाअखेर 43 लाख 20 हजार. कोणीतरी 55 लाख देऊ केले होते, आणि पुस्तकापेक्षा जवळजवळ 12 लाख जास्त मिळतात म्हणून ते खुशीत होते. मी त्यांना सौदा थांबवायला सांगितले, कारण पुस्तकातला आकडा गाडीची किंमत दाखवत नाही. खर्च म्हणून वजा करून घ्यायचे किती बाकी आहे, एवढेच तो दाखवतो.

उलट बाजूची चूक याहून महाग पडते. हीच गाडी चौथ्या वर्षी 95 लाखांना गेली, तर मालकाच्या मते 1 कोटी 5 लाखांचा तोटा झाला, आणि तोट्यावर कसला कर, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. मात्र फर्म जीएसटीत नोंदणीकृत असेल आणि तिने गाडीवर घसारा घेतला असेल, तर विक्री किंमत वजा घसाऱ्यानंतर उरलेले मूल्य, हा फरक नफा धरला जातो आणि जानेवारी 2025 पासून जुन्या विजेच्या गाड्यांनाही त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. येथे फरक 51 लाख 80 हजारांचा, म्हणजे कर 9 लाख 32 हजार 400 रुपयांचा. फरक उणे आला तरच कर शून्य. प्राप्तिकरातही विक्रीची रक्कम 40 टक्के घसाऱ्याच्या मालमत्तांच्या एकत्रित गटाच्या उरलेल्या मूल्यातून वजा होते, आणि त्या गटात दुसरे काही नसेल तर उरलेल्या जादा रकमेवर अल्पकालीन भांडवली नफ्याचा कर बसतो. घसारा जितका वेगाने घेतला, तितका हा फरक रुंद होतो; 15 टक्क्यांच्या पेट्रोल गाडीत तो इतक्या लवकर जाणवत नाही, म्हणूनच जुन्या सवयीचे लोक येथे फसतात.

गाडी पगारदार माणसाच्या स्वतःच्या नावावर असेल, तर यातले काहीच त्याला लागू नाही. त्याने बाजारभाव पाहावा आणि घसारा हा शब्दच वापरू नये.

फर्मची गाडी विकणाऱ्यांना माझा आग्रह असा की, बयाणा घेण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने करावेत: एकात किमान तीन ठिकाणांहून मागवलेले भाव, दुसऱ्यात त्या दिवशीचे पुस्तकी मूल्य. कराची रक्कम भावातून वजा करून हाती किती उरते ते काढावे, आणि जीएसटी भावात धरला आहे की वर आहे, हे व्यवहाराच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे.