लेझरखाली जाण्याआधीचा मायक्रॉनचा हिशेब

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक तरुण-तरुणी लग्न ठरण्याआधी किंवा भरतीच्या तयारीत चष्म्याचा नंबर लेझरने घालवण्याचे ठरवतात आणि त्यासाठी कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोवा गाठतात. चौकशी बहुधा दोनच गोष्टींची होते: खर्च किती आणि दुखते का. धोका मात्र आपले बुबुळ लेझर सोसण्याइतके जाड आणि निकोप आहे का, यावर ठरतो आणि त्याचा निर्णय आधीच्या तपासणीतच करावा लागतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त जाड असतो. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत त्याचा सुमारे ११० मायक्रॉनचा वरचा पापुद्रा एका कडेला जोडलेला ठेवून उलटतात आणि खालचा भाग १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेझरने झिजवतात. हा अतिनील प्रकाश आजूबाजूचा भाग न भाजता अत्यंत पातळ थर उडवतो. (१९८१ साली आयबीएममधील रंगस्वामी श्रीनिवासन यांनी त्याचा हा गुण पारखला, तो टर्की पक्ष्याच्या उरलेल्या मांसावर.) एक नंबर उतरवायला ढोबळमानाने १४ मायक्रॉन खर्ची पडतात.

आता समजा, एखाद्याचा नंबर उणे आठ आहे आणि कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आहे. लेझर ११२ मायक्रॉन खाणार, पापुद्र्याचे ११० वेगळे. खाली उरतात २५८. किमान २५० उरावेत या जुन्या नियमात हा डोळा बसतो. पण पापुद्रा आणि झीज मिळून जाडीचा ४६ टक्के भाग बाधित झाला आणि हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले की जोखीम वाढते, असे आता मानतात. म्हणजे एका नियमाने पास, दुसऱ्याने नापास. अशा वेळी ‘नको’ म्हणणारा डॉक्टर मला अधिक भरवशाचा वाटतो.

जोखीम कसली, तर कमकुवत झालेला कॉर्निया काही महिन्यांनी वा वर्षांनी पुढे फुगू लागण्याची. हे क्वचितच घडते, पण घडले तर नजर चष्म्याने नीट सुधारत नाही. क्रॉस-लिंकिंगने, म्हणजे औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करून, फुगणे थांबवावे लागते, खास लेन्स लावाव्या लागतात आणि काही वेळा बुबुळ रोपणापर्यंत पाळी येते. ज्यांना मुळात छुपा केरॅटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, असतो त्यांना हा धोका सर्वाधिक. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणे अत्यावश्यक ठरते, आणि डोळे चोळण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना सांगावी. कॉन्टॅक्ट लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, त्यामुळे तपासणीपूर्वी काही दिवस, कडक लेन्स असल्यास काही आठवडे, ती बंद ठेवावी लागते.

सर्रास आढळणारे त्रास वेगळेच आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी दिव्यांभोवती वलये, चकाकी असे काहीच न दिसणाऱ्यांपैकी सुमारे ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी असा एखादा नवा त्रास जाणवत होता. डोळे कोरडे नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना कोरडेपणा आला होता. तरीही बहुसंख्य रुग्ण समाधानी होते. तक्त्यावरची ६/६ नजर रात्री मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणाऱ्या दिव्यांविषयी काही सांगत नाही, आणि कॉर्नियाचे चेतातंतू कापले गेल्याने कोरडे पडलेले डोळे दुचाकीवरच्या वाऱ्यात अधिकच खुपतात.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे समुद्रात, विहिरीत पोहणे वर्ज्य असते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी किनाऱ्यावर असल्याने खलाशाला तो काळ सोयीचा वाटेल. मात्र पावसाळ्यात डोळे येण्याची साथही असते. उलटलेला पापुद्रा जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतो, म्हणून दोरखंड-वल्ह्यांशी काम असणाऱ्याने पापुद्र्याविना होणाऱ्या पीआरके किंवा स्माइल या लेझरच्याच पद्धतींविषयी विचारावे. पीआरकेत काही दिवस वेदना होतात आणि नजर सावकाश स्थिरावते. चाळिशी यांपैकी कशानेही टळत नाही. उलट, चष्मा काढून जवळचे वाचण्याची उणे नंबरवाल्यांची सोय जाते.

शस्त्रक्रियेआधीच्या मोजमापांचे कागद जपून ठेवावेत. पुढे मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना ते उपयोगी पडतात. शिवाय पातळ झालेल्या कॉर्नियामुळे डोळ्यातील दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, तेव्हा काचबिंदू तपासणाऱ्या डॉक्टरांना लेझर झाल्याचे आवर्जून सांगावे लागते.