चित्रपट पुरस्कार समारंभ : आरंभीचा काळ आणि नागपूर

चित्रपट व्यवसायातील उत्तम कामाचा जाहीर गौरव करणारे सोहळे. या प्रथेला ठळक रूप हॉलिवूडमध्ये आले. अकादमी पुरस्कारांचा, म्हणजे ऑस्करचा, पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी तेथील रूझवेल्ट हॉटेलात झाला. सुमारे २७० पाहुणे, पाच डॉलरचे तिकीट आणि रात्रीचे जेवण. प्रत्यक्ष पुरस्कार वाटायला जेमतेम पंधरा मिनिटे लागली. विजेत्यांची नावे फेब्रुवारीतच जाहीर झालेली होती. सर्वोत्कृष्ट अभिनेता एमिल यानिंग्स तर आपला पुतळा आधीच ताब्यात घेऊन जर्मनीला निघून गेला होता. पुढे निकाल वृत्तपत्रांना आगाऊ कळवला जाई. १९४० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने तो समारंभापूर्वीच छापला, आणि १९४१ पासून मोहोरबंद पाकिटे आली. आज सोहळ्याचा प्राण मानली जाणारी उत्कंठा अशी एका फुटलेल्या बातमीतून जन्मली.

भारतात १९३७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनने समीक्षकांच्या पुरस्कारांची वाट पाडली. देशभर नाव झालेले दोन पुरस्कार मात्र १९५४ या एकाच वर्षी सुरू झाले. २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ त्याला तेव्हा ‘क्लेअर्स’ म्हणत. पुरस्कार पाचच होते आणि निवड वाचकांच्या मतांवर होती. हात डोक्यावर उंचावलेल्या नर्तिकेची मूर्ती एन. जी. पानसरे यांनी घडवली.

१० ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत सरकारी पुरस्कार प्रथमच देण्यात आले. आजचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार ते हेच. सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. साने गुरुजींच्या पुस्तकावरून तो आचार्य अत्रे यांनी काढला होता. मराठी माणसाला याचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. तरी नागपूरच्या दृष्टीने दुसऱ्या वर्षीचा निर्णय अधिक मोलाचा ठरतो.

त्या काळी नागपूर मुंबई राज्यात नव्हते. ते मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि तेथे हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या एकत्र येण्याविषयीचा नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ रोजी झाला होता, पण अंमल दूर होता. अशा वेळी १९५४ च्या चित्रपटांसाठी सरकारने भाषावार पदके सुरू केली. मराठीचे पहिले रौप्यपदक अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मिळाले. समारंभ २१ डिसेंबर १९५५ रोजी झाला. नागपूरच्या सीताबर्डीत राहणारा मराठी प्रेक्षक आणि पुण्यातला प्रेक्षक दोन वेगळ्या राज्यांचे रहिवासी होते. पदकाच्या हिशेबात मात्र दोघांचा सिनेमा एकच होता. भाषावार राज्यपुनर्रचना त्यानंतर, १ नोव्हेंबर १९५६ ला झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुरस्काराने राज्य घडवले असे कोणी म्हणणार नाही, पण मराठी चित्रपटाला एक घर मानण्याचे काम त्याने आधी केले.

सरकारी पुरस्कारांत सुरुवातीला गौरव चित्रपटांचा होत असे. अभिनयासाठी वेगळे पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून आले. नर्गिस आणि उत्तमकुमार हे त्यांचे पहिले मानकरी. १९६९ च्या पुरस्कारांसोबत दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला व तो प्रथम देविका राणी यांना देण्यात आला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर नागपूरचा प्रेक्षक मराठीच्या राज्यात आला. राज्य शासनाचे मराठी चित्रपट पुरस्कार १९६३ पासून सुरू झाले. नागपूरचे सिनेमाप्रेम तर चौकांच्या नावांतही उतरले आहे: व्हरायटी चौक आणि पंचशील चौक ही नावे त्याच नावाच्या टॉकीजवरून पडली. पुढे याच शहरात जन्मलेले दिग्दर्शक राजकुमार हिरानी यांच्या चित्रपटांनी राष्ट्रीय पुरस्कार पटकावले. वितरणाच्या धंद्यात मात्र विदर्भ अजूनही ‘सी. पी. बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) या जुन्या प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेरिटरीत, म्हणजे वितरण-विभागात, मोडतो.